पंख्याचा दुसरा खटका

प्रस्तावना

उन्हाळ्याची दुपार आहे. शहरातील एका मोठ्या चौकात वाहनांची रांग खोळंबली आहे. रांगेतल्या एका मोटारसायकलवर घरोघरी सामान पोहोचवणारा एक तरुण बसला आहे. समोरच्या तापमानदर्शकावरील रेषा एकेक करून वर चढत आहेत. एरवी अशा वेळी इंजिनापुढचा छोटा पंखा आपोआप सुरू होतो आणि त्याची घरघर ऐकू येते. आज मात्र पंखा गप्प आहे. थोड्याच वेळात तांबडा दिवा लागतो. आता इंजिन बंद करून गाडी ढकलत कडेला न्यावी, तर हातातले काम जाते. तशीच पुढे दामटावी, तर इंजिनच जाते.

अशा वेळी पंखा स्वतःच्या हाताने सुरू करता आला असता तर? अनेक मोटारसायकलस्वार याच विचाराने पंख्याला एक जादा खटका बसवून घेतात. काम दिसते लहानसे : एक खटका, थोडी तार, चार जोड. परंतु हे चार जोड कुठे द्यायचे, यावर तो खटका इंजिनाचा रक्षक ठरतो की घातक, हे अवलंबून असते. या पाठात त्या जोडणीमागचे शास्त्र समजावून दिले आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील :

• द्रवाने थंड होणाऱ्या इंजिनात पंख्याचे काम काय असते, ते सांगणे.
• एकसर जोडणी व समांतर जोडणी यांतील फरक उदाहरणाने स्पष्ट करणे.
• रिले आणि वितळतार यांची गरज पटवून देणे.
• हाताने चालवायच्या खटक्याचा उपयोग आणि त्याची मर्यादा ओळखणे.

मूळ पाठ

१. उष्णता जाते कुठे?

इंजिनात पेट्रोल जळते तेव्हा निर्माण होणारी सगळी ऊर्जा चाकापर्यंत पोहोचत नाही. ढोबळमानाने तिचा पाव ते एक तृतीयांश हिस्साच गाडी पुढे नेण्याच्या कामी येतो. बाकीची ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. त्यातली काही धुराबरोबर सायलेन्सरमधून बाहेर पडते आणि काही इंजिनाच्या धातूत शिरते. ज्वलनाच्या क्षणी सिलिंडरमधील वायूचे तापमान २,००० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. उलट ॲल्युमिनिअम हा धातू ६६० अंशांनाच वितळतो. इंजिन टिकते, ते उष्णता सतत बाहेर काढली जाते म्हणूनच.

उष्णता बाहेर काढण्याच्या दोन रीती आहेत. पहिली वाऱ्याची. रोजच्या वापरातील साध्या मोटारसायकलच्या इंजिनावर धातूचे पातळ पडदे एकावर एक बसवलेले दिसतात. त्यांच्यावरून वारा वाहतो आणि इंजिन थंड राहते. दुसरी रीत द्रवाची. इंजिनाच्या भिंतींमधील पोकळीतून शीतक द्रव फिरवला जातो. गॅरेजमध्ये त्याला कूलंट म्हणतात. हा द्रव इंजिनाची उष्णता घेतो, समोरच्या रेडिएटरमध्ये जातो, तेथे ती वाऱ्याला देतो आणि पुन्हा इंजिनात परततो.

मोटारसायकलच्या जगात ही दुसरी रीत नवी नाही. इंग्लंडमधील आल्फ्रेड अँगस स्कॉट यांच्या मोटारसायकलींत विसाव्या शतकाच्या आरंभीच पाण्याने थंड होणारे इंजिन होते. जपानच्या सुझुकी कंपनीने १९७१ मध्ये आणलेल्या जीटी ७५० या गाडीचे इंजिनही पाण्याने थंड होई. त्यामुळे अमेरिकेत तिला लोक गमतीने 'पाणम्हैस' म्हणत. भारतात यामाहाची आर१५ ही गाडी २००८ मध्ये आली. पुण्याजवळच्या चाकण येथे तयार होणारी केटीएम २०० ड्यूक आणि बजाजची पल्सर २०० एनएस या दोन्ही २०१२ मध्ये बाजारात आल्या. त्यानंतर रेडिएटर असलेल्या गाड्या भारतातील रस्त्यांवर नित्याच्या झाल्या.

रेडिएटरचे काम समजण्यासाठी चहाची बशी आठवावी. कपातला कढत चहा बशीत ओतला की लवकर निवतो. कारण तो पसरतो आणि त्याच्या अधिक भागाला हवा लागते. त्यावर फुंकर घातली तर तो आणखी लवकर निवतो. रेडिएटरच्या बारीक नळ्या आणि त्यांमधल्या पातळ पट्ट्या हे बशीचे काम करतात. फुंकर घालण्याचे काम वाऱ्याचे. वारा नसेल तेव्हा ते काम पंख्याचे.

२. पंखा केव्हा लागतो?

गाडी मोकळ्या रस्त्यावर वेगाने धावत असते, तेव्हा समोरून येणारा वाराच रेडिएटरला पुरेसा होतो. त्या वेळी पंखा बंद असतो आणि तसाच तो असायला हवा. अडचण येते ती गाडी उभी राहिल्यावर. सिग्नलला, घाटातील संथ रांगेत किंवा मिरवणुकीमागे अडकल्यावर इंजिन चालू असते, उष्णता निर्माण होत असते. पण वारा थांबलेला असतो.

थंड इंजिन सुरू केल्यावर शीतक द्रव लगेच रेडिएटरकडे जात नाही. थर्मोस्टॅट नावाची एक झडप त्याची वाट अडवून धरते. साधारणपणे ८० ते ८५ अंशांच्या आसपास ती उघडू लागते आणि मग द्रव रेडिएटरमधून फिरतो. तापमान आणखी वाढून सुमारे १०० अंशांपर्यंत आले की पंखा सुरू होतो. काही अंशांनी ते उतरले की तो बंद होतो. नेमके आकडे प्रत्येक गाडीगणिक वेगळे असतात.

पाणी तर १०० अंशांना उकळते. मग रेडिएटरमधला द्रव उकळत कसा नाही? याचे उत्तर स्वयंपाकघरात आहे. कुकरमध्ये वाफ कोंडली जाते, आतला दाब वाढतो आणि पाण्याचा उत्कलनबिंदू चढतो. रेडिएटरच्या झाकणातही दाब धरून ठेवणारी झडप असते. शिवाय शीतक द्रवात पाण्याबरोबर ग्लायकॉल मिसळलेले असते. त्यानेही उत्कलनबिंदू वाढतो. म्हणूनच तापलेल्या गाडीचे रेडिएटर झाकण कधीही उघडू नये. दाब न उतरलेला कुकर उघडावा, तसाच तो प्रकार होतो. दाब एकाएकी सुटतो, द्रव तत्क्षणी उकळतो आणि कारंज्यासारखा उसळून चेहरा व हात भाजतो. इंजिन पूर्ण निवेपर्यंत थांबणे हाच एक सुरक्षित मार्ग आहे.

पाठगत प्रश्न १

(अ) गाडी वेगात असताना पंख्याची गरज का पडत नाही?
(आ) रेडिएटर आणि चहाची बशी यांत कोणते साम्य आहे?
(इ) तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडणे धोक्याचे का असते?

३. एकामागची दारे, शेजारची दारे

पंख्याला सुरू होण्याचा हुकूम कोण देते? यासाठी मुख्यतः दोन प्रकारची रचना आढळते. जुन्या किंवा साध्या रचनेत रेडिएटरवरच तापमानावर चालणारा एक खटका बसवलेला असतो. त्याला थर्मल स्विच म्हणतात. बॅटरीची धन बाजू पंख्याला मिळालेली असते. पंख्याची ऋण बाजू या खटक्यातून गाडीच्या सांगाड्याला, म्हणजे 'अर्थ'ला जाते. द्रव ठरावीक मर्यादेपर्यंत तापला की खटका आतून जुळतो, परिपथ पूर्ण होतो आणि पंखा फिरतो. नव्या रचनेत द्रवात तापमानाचा संवेदक असतो. तो इंजिनाच्या नियंत्रण संगणकाला तापमान कळवतो आणि संगणक पंखा सुरू करवतो. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज ६ या प्रदूषण मानकानंतरच्या गाड्यांत असा संगणक सर्रास असतो.

आता या परिपथात दुसरा खटका घालायचा आहे. तो दोन तऱ्हांनी घालता येतो. हा फरक समजण्यासाठी शेताकडे जावे लागेल. रात्रीच्या पाळीला पाटाचे पाणी येते आणि शेतकरी दारे धरतो. एकाच पाटावर दोन दारे एकामागे एक असतील, तर पाणी वाफ्यात येण्यासाठी दोन्ही उघडावी लागतात. एक जरी बंद राहिले, तरी वाफा कोरडा. पण त्याच वाफ्याला दोन वेगळ्या पाटांची दोन दारे शेजारी शेजारी असतील, तर कोणतेही एक उघडले तरी पुरते.

पहिली रचना म्हणजे एकसर जोडणी, दुसरी म्हणजे समांतर जोडणी. हाताचा खटका एकसर जोडला, तर मूळचा खटका जुळलेला असूनही हाताचा खटका बंद असेल तोवर पंखा फिरणार नाही. म्हणजे इंजिनाचे रक्षण माणसाच्या आठवणीवर सोपवल्यासारखे होते. खडबडीत वाटेने जाणारे काही स्वार मुद्दाम असा खटका बसवतात. ओढा ओलांडताना फिरत्या पंख्याची पाती पाण्यात आपटून मोडू नयेत, असा त्यांचा हेतू असतो. परंतु ओढा ओलांडून झाल्यावर खटका पुन्हा चालू करण्याचे विसरले, तर पुढच्या चढावर इंजिन तापते आणि पंखा मात्र हुकमाला बांधलेला असतो.

समांतर जोडणीत ही भीती नाही. तापमानाचा खटका आपले काम पूर्वीसारखेच करत राहतो. तो चुकला तर हाताचा खटका पंखा सुरू करतो. आणि हाताचा खटका चालू करायचे विसरले, तरी तापमानाचा खटका आहेच. या कामाचा पहिला नियम असा : नवा खटका जुन्याच्या जागी बसवायचा नाही, जुन्याच्या वाटेत आडवाही घालायचा नाही, तो जुन्याच्या शेजारी, समांतर बसवायचा.

४. थोडक्या धारेने मोठी धारा

खटका कुठे जोडायचा हे ठरले, तरी दुसरा प्रश्न उरतो. मोटारसायकलच्या हँडलवर बसणारी बटणे नाजूक असतात. पंख्याची मोटर साधारण ४ अँपिअर धारा घेते असे मानू. १२ व्होल्टच्या बॅटरीवर तिची शक्ती १२ गुणिले ४, म्हणजे ४८ वॅट होते. ही सगळी धारा लहान बटणातून वारंवार नेली, तर त्याच्या आतील पट्ट्यांवर ठिणग्या उडतात, पट्ट्या जळतात, कधी एकमेकींना चिकटून बसतात.

याचा उपाय म्हणजे रिले. एका लहान डबीत तारेचे वेटोळे असते. त्यातून धारा गेली की ते विद्युतचुंबक बनते आणि आतील लोखंडी पट्टी ओढून घेते. पट्टी ओढली गेली की मोठ्या धारेचा खटका जुळतो. अमेरिकन शास्त्रज्ञ जोसेफ हेन्री यांनी १८३० च्या दशकात विद्युतचुंबकावर केलेल्या प्रयोगांत या कल्पनेचे मूळ सापडते. पुढे तारायंत्राचे संदेश दूरवर पोहोचवण्यासाठी हीच युक्ती कामी आली आणि आज ती प्रत्येक वाहनात आहे.

वाहनांच्या रिलेचे वेटोळे सुमारे ८० ओहम रोधाचे असते असे धरले, तर ओहमच्या नियमाने त्यातून १२ भागिले ८०, म्हणजे ०.१५ अँपिअर धारा जाते. पंख्याच्या ४ अँपिअर धारेच्या मानाने ही फारच थोडी. हँडलवरचे बटण एवढीच धारा हाताळते; पंख्याचा भार रिले उचलतो.

रिलेच्या पायांवर छापलेले आकडे अनेकांना कोड्यात टाकतात. ते जर्मनीच्या डिन ७२५५२ या मानकातून आलेले आहेत. ८५ आणि ८६ ही वेटोळ्याची दोन टोके. ३० आणि ८७ ही मोठ्या धारेच्या खटक्याची दोन टोके. वेटोळ्यात धारा आली की ती जुळतात. पाचवा पाय असल्यास त्यावर ८७ए असे लिहिलेले असते. हे टोक उलट वागते. रिले स्वस्थ असताना ते ३० शी जुळलेले असते आणि रिले चालू होताच सुटते. पंख्याच्या कामात ८७ ऐवजी चुकून ८७ए ला तार जोडली, तर खटका बंद असताना पंखा फिरतो आणि चालू केल्यावर थांबतो.

५. प्रत्यक्ष जोडणी

काम सुरू करण्यापूर्वी त्या गाडीचा परिपथ-नकाशा पाहणे आवश्यक आहे. तो कंपनीच्या दुरुस्ती-पुस्तिकेत असतो. तारांचे रंग एका गाडीत एक अर्थ सांगतात, तर दुसऱ्या गाडीत दुसरा. म्हणून रंगावर विसंबून जोड देऊ नये. कोणत्या तारेत कोणत्या वेळी किती व्होल्ट आहेत, हे मल्टिमीटरने पाहून खात्री करावी. गाडी हमीच्या मुदतीत असेल, तर वायरिंगमध्ये फेरफार केल्याने हमीवर परिणाम होऊ शकतो, हेही आधी विचारून घ्यावे.

त्यानंतर बॅटरीची ऋण बाजू प्रथम सोडवावी आणि काम संपल्यावर ती सर्वांत शेवटी जोडावी. या क्रमाला कारण आहे. ऋण बाजू सांगाड्याला जोडलेली असते. ती तशीच ठेवून धन बाजूचा नट सोडताना पाना चुकून सांगाड्याला टेकला, तर पान्यातूनच शॉर्ट होते आणि ठिणगी उडते.

थर्मल स्विच असलेल्या गाडीत जोडणी पुढीलप्रमाणे होते :

• रिलेच्या ८६ या टोकाला चावी लावल्यावरच चालू होणाऱ्या धन तारेतून पुरवठा द्यावा. या तारेला वितळतार असावी.
• ८५ या टोकाची तार हँडलवरील नव्या खटक्यापर्यंत न्यावी आणि खटक्याचे दुसरे टोक अर्थला जोडावे.
• पंखा आणि थर्मल स्विच यांच्या मधली तार न तोडता, तिला फाटा देऊन तो ८७ या टोकाला जोडावा.
• ३० हे टोक जाड तारेने अर्थला जोडावे. अर्थच्या जागेवरील रंग आणि गंज खरवडून धातू स्वच्छ करावा.

आता हाताचा खटका दाबला की रिले जुळते आणि पंख्याची ऋण बाजू अर्थला मिळते. थर्मल स्विच तापल्यावर जे करतो, तेच. दोघे समांतर असल्यामुळे कोणीही एक पुरेसा होतो.

संगणक असलेल्या गाडीत पंख्याचे रिले सहसा कंपनीनेच बसवलेले असते. पुष्कळ गाड्यांत संगणक त्या रिलेच्या वेटोळ्याची ऋण बाजू अर्थला जोडून पंखा सुरू करतो. अशा ठिकाणी तीच तार हाताच्या खटक्यातूनही अर्थला देता येते आणि वेगळ्या रिलेची गरज राहत नाही. मात्र ही रचना सर्वच गाड्यांत नसते. काहींमध्ये संगणक धन बाजू पुरवतो, काहींमध्ये तो पंख्याचा वेगही कमीअधिक करतो, तर काही संगणक त्या तारेवर लक्ष ठेवून बिघाडाची नोंद करतात. संगणकाकडून येणाऱ्या तारेत बॅटरीची धन बाजू चुकून सोडली, तर काही रुपयांच्या खटक्यापायी हजारोंचा संगणक जळतो. नकाशा हाती नसेल किंवा नीट कळला नसेल, तर अशा गाडीचे काम जाणकार वाहन-वीजतंत्रज्ञाकडून करून घेण्यातच शहाणपण आहे.

पाठगत प्रश्न २

(अ) पाटाच्या दारांचे उदाहरण वापरून समांतर जोडणी स्पष्ट करा.
(आ) हँडलवरच्या बटणातून पंख्याची सगळी धारा का नेऊ नये?
(इ) बॅटरीची कोणती बाजू आधी सोडवावी? का?

६. तार, वितळतार आणि बॅटरी

तार स्वस्त मिळते म्हणून बारीक घेणे महागात पडते. समजा, पंख्याच्या परिपथात एकूण ४ मीटर तार आहे. ०.५ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध सुमारे ०.१४ ओहम भरतो. तिच्यातून ४ अँपिअर धारा गेली की अर्धा व्होल्टहून अधिक दाब तारेतच खर्च होतो. तितका पंखा मंद फिरतो आणि तेवढी उष्णता तारेत साठते. १.५ चौरस मिलिमीटरची तार वापरली, तर हा खर्च एक तृतीयांशावर येतो. म्हणून पंख्याच्या वाटेला जाड तार आणि बटणाच्या वाटेला बारीक तार, अशी विभागणी करावी.

वितळतारेला, म्हणजेच फ्यूजला, बरेच जण पंख्याची राखणदार समजतात. खरे तर ती तारेची राखणदार आहे. कुठे तरी तारेचे आवरण घासून तांबे सांगाड्याला टेकले, तर धारा एकाएकी शेकडो अँपिअरपर्यंत जाऊ शकते. वितळतार नसेल तर तार तापते, आवरण पेटते आणि पेट्रोलच्या टाकीखालीच आग लागते. यासाठी धन बाजूच्या प्रत्येक नव्या तारेला, बॅटरीपासून शक्य तितक्या जवळ, वितळतार असलीच पाहिजे. तिचा आकडा पंख्याच्या धारेहून थोडा अधिक, पण तारेच्या क्षमतेहून कमी असावा. ती वारंवार जळत असेल, तर मोठ्या आकड्याची बसवणे किंवा तिच्या जागी तांब्याची तार गुंडाळणे हा उपाय नव्हे. तो आगीला दिलेला परवाना आहे.

जोड देताना तारा नुसत्या पिळून त्यांवर चिकटपट्टी गुंडाळू नये. मोटारसायकल सतत थरथरते, पावसात भिजते, उन्हात तापते. पिळलेला जोड सैल होतो, त्यात ओल शिरते, हिरवट गंज चढतो. योग्य मापाचे लग पक्कडीने दाबून बसवावेत आणि त्यांवर उष्णतेने आवळणारी नळी चढवावी. तारा सायलेन्सरपासून दूर असाव्यात. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे. तार कुठेही ताणली जाता कामा नये.

बॅटरीचाही हिशेब ठेवावा लागतो. ८ अँपिअर-तास क्षमतेच्या बॅटरीवर ४ अँपिअरचा पंखा इंजिन बंद असताना चालू राहिला, तर कागदावर ती दोन तासांत रिकामी होते. स्टार्टर फिरवण्याइतका जोर तर त्याच्या पुष्कळ आधी संपतो. इंजिन चालू असले, तरी मंद गतीत वीज कमी तयार होते. शिवाय १ एप्रिल २०१७ पासून भारतात नव्या दुचाकींचा समोरचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो. म्हणजे सिग्नलला दिवा आणि पंखा असा दुहेरी भार पडतो. म्हणून नव्या खटक्याचा पुरवठा चावीवर ठेवावा आणि खटक्याला एक छोटा सूचक दिवा असावा.

७. खटका काय सांगतो?

काम झाल्यावर परीक्षा घ्यावी. इंजिन थंड असताना चावी लावून खटका दाबावा; पंखा फिरला पाहिजे. तो मुळात ज्या दिशेने वारा ओढतो, त्याच दिशेने फिरतो आहे ना, हेही पाहावे; कारण पंख्याच्या तारा उलटसुलट झाल्या तर तो उलटा फिरतो. नंतर खटका बंद करून इंजिन उभ्यानेच चालू ठेवावे आणि पंखा आपोआप सुरू होतो की नाही, ते पाहावे. ही दुसरी परीक्षा पहिलीहून महत्त्वाची आहे. हात लावून पाहण्याचा मोह मात्र टाळावा. पंखा कोणत्याही क्षणी सुरू होतो, आणि काही गाड्यांत तर चावी काढल्यावरही.

पुढे कधी बिघाड झाला, तर हाच खटका वाट दाखवतो. आपोआप न फिरणारा पंखा हाताच्या खटक्याने फिरला, तर पंखा आणि त्याचा पुरवठा ठीक आहे. दोष तापमानाच्या खटक्यात, संवेदकात किंवा त्यांच्या तारेत आहे. दोन्ही तऱ्हांनी तो फिरला नाही, तर वितळतार, पंख्याची मोटर किंवा एखादा सुटलेला जोड तपासावा. पंखा जोरात फिरतो आहे आणि तरीही तापमान उतरत नाही, अशी स्थिती सर्वांत गंभीर. द्रव कमी झाला असेल, पंप थांबला असेल, थर्मोस्टॅट अडकला असेल किंवा रेडिएटर चिखलाने भरला असेल. यांपैकी कशालाही खटक्याजवळ औषध नाही. इंजिन बंद करून थांबणे हेच तेव्हा योग्य.

ही मर्यादा विसरली, की खटक्याचा तोटा सुरू होतो. बिघडलेला संवेदक बदलायचा कंटाळा करून महिनोन्महिने हाताच्या खटक्यावर गाडी चालवणारे लोक आढळतात. पहिले काही दिवस सगळे सुरळीत चालते. मग एके दिवशी घाई असते, फोन वाजतो, मन दुसरीकडे असते आणि खटका दाबायचा राहून जातो. एवढ्या एका विसरण्याने सिलिंडर हेडखालचे गॅस्केट जळते, हेड वाकडे होते आणि दुरुस्तीचा खर्च संवेदकाच्या कितीतरी पट होतो. तापमान मोजणारे यंत्र कधी बिघडते हे खरे. पण माणसाचे लक्ष त्याहून अधिक वेळा ढळते. म्हणून आपोआप चालणारी व्यवस्था दुरुस्त ठेवावी आणि हाताचा खटका अडचणीसाठी राखावा.

चौकात अडकलेल्या त्या तरुणाच्या गाडीला असा खटका असता, तर तो दाबून त्याने पंखा सुरू केला असता, तापमान उतरू दिले असते आणि हातातले सामान वेळेवर पोहोचवले असते. मात्र त्या संध्याकाळी त्याला गॅरेजची पायरी चढावीच लागली असती. खटका त्या दिवसाची मजुरी वाचवतो. इंजिन वाचवते ती वेळेवर केलेली दुरुस्ती.

तुम्ही काय शिकलात?

• गाडी थांबल्यावर वारा थांबतो. म्हणून रेडिएटरला पंखा लागतो.
• हाताचा खटका मूळ खटक्याला समांतर जोडावा, एकसर जोडू नये.
• रिलेमुळे थोड्या धारेने मोठी धारा नियंत्रित करता येते.
• वितळतार तारेचे आणि पर्यायाने गाडीचे आगीपासून रक्षण करते.
• हाताचा खटका मदतीसाठी आहे. तो दुरुस्तीला पर्याय नाही.

शब्दार्थ

शीतक द्रव – उष्णता वाहून नेणारा द्रव
परिपथ – विद्युतधारा वाहण्याचा पूर्ण मार्ग
रोध – विद्युतधारेला होणारा अडथळा
संवेदक – बदल ओळखून कळवणारे साधन
दारे धरणे – पाटाचे पाणी एकामागून एक वाफ्यात वळवणे
उत्कलनबिंदू – द्रव उकळू लागतो ते तापमान

पाठांती प्रश्न

१. 'वितळतार ही पंख्याची नव्हे, तारेची राखणदार आहे.' हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
२. एका गाडीचा पंखा ५ अँपिअर धारा घेतो. १२ व्होल्टवर त्याची शक्ती किती वॅट होईल? १० अँपिअर-तासांच्या बॅटरीवर तो कागदोपत्री किती वेळ चालेल?
३. पंखा आपोआप फिरत नाही. परंतु हाताच्या खटक्याने फिरतो. दोष कोठे असू शकेल? कारण द्या.
४. 'माणसाचे लक्ष यंत्राहून अधिक वेळा ढळते.' या विचाराला तुमच्या अनुभवातील एक उदाहरण देऊन आठ ते दहा ओळी लिहा.
५. भाषाभ्यास : 'डोके तापणे', 'तोंडची वाफ दवडणे' आणि 'तारेवरची कसरत' या वाक्प्रचारांचे अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा.